आमच्या घरचा संविधान-पट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भावाने मुलांसाठी एक खेळ आणला. जत्रेतला नव्हे, चांगल्या दुकानातला. गुळगुळीत पुठ्ठा, रंगीत सोंगट्या, ठोकळ्याचा फासा आणि प्रश्नांची दोनशे कार्डे. हा खेळ खेळता खेळता मुलांना देशाचा इतिहास आणि नागरिकशास्त्र येईल, असे खोक्यावर लिहिलेले होते. दिवसभर मोबाईलला चिकटलेली माझी दोन्ही पोरे त्या संध्याकाळी पहिल्यांदा जमिनीवर मांडी घालून बसली. यांची रात्रपाळी नव्हती, म्हणून हेही बसले. माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, चष्मा पुसून बसले. फक्त माझ्या सासूबाई, आत्याबाई, तांदळाचे सूप घेऊन कोपऱ्यात सरकल्या.

“आजी, तू ये ना,” मुलगी म्हणाली.

“मले वाचता येत नाही, बाई. कार्डावरचं काय वाचू? माहा डाव तूच खेळ.”

पहिली ठेच तिथे लागली. दुसरी तिसऱ्या डावाला लागली. मुलीला दांडीयात्रेचे कार्ड आले. साल १९३०, उत्तर बरोबर, चार घरे पुढे. मामाजींनी सहज विचारले, “यात महाड कुठं हाय?” मुलीने सगळी कार्डे जमिनीवर पसरली. दांडी चार कार्डांवर होती. महाड एकावरही नव्हते. काळाराम मंदिर नव्हते, भिडेवाडा नव्हता, शाहू महाराज नव्हते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक कार्ड निघाले : संविधानाचे शिल्पकार कोण? झाले. त्या एका ओळीत आपला सगळा इतिहास आटोपला होता.

खेळ वाईट होता असे मी म्हणणार नाही. राज्यसभेची मुदत, राष्ट्रपतींची निवडणूक, नद्यांची नावे असे पुष्कळ चांगले त्यात होते. पण ज्या घरातली आजी त्या खेळाला बसू शकत नाही आणि ज्या घराचा आजा त्यात आपले गाव शोधत राहतो, त्या घराचा तो खेळ नव्हे, एवढे मला त्या रात्री कळले. मुलगी म्हणाली, “आई, आपणच करू ना एक.” तिच्या त्या एका वाक्यातून पुढचे तीन महिने निघाले.

सापशिडीचा साप कुठून आला?

करायचे म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सापशिडीच आली. आपल्या घराघरांत हा खेळ माहीत आहे. पण तो मुळात काय शिकवत होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. जुन्या काळी या खेळाला आपल्याकडे मोक्षपट म्हणत, उत्तरेत ज्ञानचौपड. त्यात शिडी म्हणजे पुण्य आणि साप म्हणजे पाप. दान केले की वर, गर्व केला की खाली. सगळ्यात वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी हा खेळ विलायतेत नेला, तिथल्या मुलांसाठी त्यावर आपल्या पद्धतीची नीती चिकटवली, आणि पुढे ती नीतीही गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या.

आता जरा विचार करा. फाशाचे दान कोणाच्याही हातात नसते. तरी सापाने गिळले तर दोष तुमच्याच पापाचा! जन्म आपल्या हातात नाही, पण वाट्याला आलेले हाल मात्र आपल्याच मागच्या कर्माचे, असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. त्याच हिशेबाचा हा पट. लहान मूल बिचारे नुसते हसत खेळते, पण पटाचा नियम त्याच्या अंगवळणी पडत असतो.

खेळातून मोठी गोष्ट शिकवण्याची कल्पना दुसरीकडेही झाली आहे. ज्याला आपली मुले ‘व्यापार’ म्हणून ओळखतात, त्या जागा विकत घेण्याच्या खेळाची आई एक अमेरिकन बाई होती, एलिझाबेथ मॅगी. तिने १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ म्हणजे जमीनदाराचा खेळ या नावाने पेटंट घेतले. जमिनीचा मालक नुसत्या भाड्यावर कसा गबर होतो आणि भाडेकरू कसा भिकेला लागतो, हे लोकांना दाखवावे हा तिचा हेतू. पुढे १९३५ साली एका मोठ्या कंपनीने तिचे हक्क ५०० डॉलरला घेतले आणि ‘मोनोपॉली’ बाजारात आणली. तिचा हेतू मागे पडला, आणि सगळ्यांना दिवाळखोर करून एकट्याने जिंकायचे एवढेच मुलांच्या हाती राहिले. म्हणून आम्ही पट आखण्याआधी एक ठरवले. चित्रे नंतर, नियम आधी.

“नाग कायले गिळन आपल्याले?”

पहिला वाद सापावरूनच झाला. धाकट्याने मोठ्या हौसेने पाच-सहा साप काढले, फणा वगैरे काढून. मामाजींनी ते पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवायला लावली.

“हे नाग कायले काढले?”

“आबा, ते गिळतात. गिळलं की खाली जायचं.”

“नाग कायले गिळन आपल्याले? हे गाव कोणाचं हाय?”

आम्ही नागपूरचे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचा खुलासा केला होता. बुद्धाच्या धम्माचा भारतात प्रसार करणारे ते नाग लोक, आणि त्यांची वस्ती या नाग नदीच्या काठची, असे त्यांनी सांगितले. शिवाय भगवान बुद्धांवर पावसात फणा धरणारा मुचलिंद नाग आपल्या विहारातल्या चित्रांतून मुलांनी पाहिलेलाच आहे. तो नाग पटावर बसून माणसे गिळतो, हे मामाजींना पटेना. मला आधी हसू आले. मग वाटले, म्हातारा बरोबर बोलतोय. साप गेले. त्यांच्या जागी धाकट्याने बागेतल्यासारख्या घसरगुंड्या काढल्या. आमच्या पटावर घसरण आहे, साप नाही.

दुसरी सूचना मुलीची, आणि तिचा मला अभिमान आहे. सापशिडीत १०० घरे असतात. ती म्हणाली, “मग एक घर म्हणजे एक वर्ष करू. १९०१ पासून २००० पर्यंत.” म्हणजे २७ व्या घरात १९२७, ५० व्या घरात १९५०. साल पाठ करायला नको, घराचा आकडा हेच साल. इतकी साधी गोष्ट, पण सनावळीला घाबरणारा माझा धाकटा आज झोपेतून उठवला तरी ५६ म्हटले की दीक्षा सांगतो.

पण १९०१ च्या आधीचे काय करायचे? १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली नसती, तर आमच्या मुलीने ही युक्ती काढली असती का? म्हणून पटाच्या खाली एक ओसरी काढली आणि तिला भिडेवाडा नाव दिले. सगळ्या सोंगट्या तिथे उभ्या राहतात. एका प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय कोणालाही पटावर पाऊल टाकता येत नाही. आणि २००० च्या पुढे? मामाजी म्हणाले, “शंभरावर देश थांबला का?” मग साडीच्या खोक्याचे झाकण उलटे करून २५ घरांची पट्टी जोडली.

पाण्याला १० वर्षे लागली

शिड्या कुठे लावायच्या यावर मात्र रोज रात्री जेवणानंतर सभा भरू लागली. दुसऱ्या घरात पहिली शिडी : २६ जुलै १९०२, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली त्यांनीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. विसाव्या घरात ‘मूकनायक’. तेविसाव्यात बोले यांचा ठराव : ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरवले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे मोकळे झाले, पण घागर काही बुडाली नाही.

मग २७ वे घर. २० मार्च १९२७, चवदार तळे. धाकट्याने तिथून सरळ ३७ पर्यंत शिडी मारली, कारण १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. बाबासाहेब आणि हजारो माणसे पाणी प्याली, तेव्हा तळे ‘बाटले’ म्हणून शेणमुताच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दिवाणी दावा लागला, डिसेंबरात मनाईहुकूम आला. हे सगळे एका उडीत ओलांडायचे? मामाजींनी नियम सांगितला : २७ वर आलेल्याने तीन डाव थांबायचे, मग शिडी चढायची. धाकटा कुरकुरला. “आपले लोक १० वर्षं थांबले, तू तीन डाव थांब,” एवढेच ते म्हणाले.

तिसावे घर तर फार बोलके निघाले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. अवघे १० दिवसांचे अंतर! आणि मिठाच्या तीन वर्षे आधी पाण्याचा सत्याग्रह झालेला. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच घरात शेजारी शेजारी लिहिल्या. दुकानातल्या खेळाने आमचे वगळले, म्हणून आम्ही त्यांचे वगळायचे, असे करायचे नाही, हे यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. जालियनवाला बाग १९ व्या घरात आहे, ‘चले जाव’ ४२ व्या घरात आहे. त्याच ४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी तयार केलेल्या दुरुस्तीने १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे यांच्या पाळीशी जोडलेले असल्यामुळे मुलांना लगेच समजले.

एकाच घरात घसरण आणि शिडी

४६ ते ५० ही पाच घरे आम्ही सर्वांत मोठी आखली. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा भरली. बाबासाहेब त्या सभेत पोचले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या सहकाऱ्यांच्या बळावर. पुढे फाळणी झाली आणि ती जागाच गेली. मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली आणि २९ ऑगस्टला ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. म्हणून ४७ व्या घरात घसरणही आहे आणि शिडीही. उत्तर आले तर शिडी, नाही आले तर घसरण. मोठी माणसेसुद्धा इथे घाम पुसतात.

इथले प्रश्न मुलीने तयार केले. मसुदा समितीत किती जण होते? सात. पण त्यातले एक सोडून गेले, एक वारले, एक परदेशी, कोणी आपल्या कामात, कोणी दिल्लीपासून दूर, आणि सगळा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी भर सभेत सांगितले. मसुद्यावर किती दुरुस्त्या आल्या? ७,६३५. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला आल्या. आजारी शरीराने एकेका दुरुस्तीला उत्तर देणारा हा माणूस! संविधान सभेत दलित स्त्री किती? एकच, मद्रासकडून आलेल्या दाक्षायणी वेलायुधन. हे नाव आमच्या चाळीत कोणालाच माहीत नव्हते, मलाही नव्हते. आता माझ्या मुलीच्या सोंगटीचेच नाव दाक्षायणी आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले तेव्हा त्यात ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. पटावर एवढी कलमे मावत नाहीत. आम्ही ज्यांचा घरात रोज उपयोग पडतो तेवढी घेतली : १४ कायद्यापुढे समानता, १५ भेदभावाला मनाई, १६ नोकरीत समान संधी, १७ अस्पृश्यता नष्ट, २१ जीविताचा हक्क, २४ चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात वा खाणीत राबवायला मनाई, ३२ हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालय, ३२६ प्रौढ मताधिकार. कलम १५ नीट वाचताना मुलगी एकदम ओरडली, “आई, यात विहिरी आहेत! तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत!” होय, आहेत. महाडचे तळे २३ वर्षांनी देशाच्या कायद्यात येऊन बसले. ही गोष्ट तिला शाळेच्या पुस्तकाने सांगितली नव्हती, तिची तिनेच शोधली.

मामाजी निवडणूक हरले

५१ वर घसरण आहे. २७ सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बायकांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा मंत्री. पुढे १९५५ आणि १९५६ साली तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी कायदा झाले, म्हणून ५५ वर लहान शिडी. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मात्र २००५ च्या दुरुस्तीने आला, तो झाकणाच्या पट्टीवर १०५ व्या घरात आहे. हे कायदे आपणा बौद्धांनाही लागू आहेत, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते.

सगळ्यात मोठे भांडण ५२ वरून झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १९५२ च्या जानेवारीत बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. धाकट्याने तिथे लांबलचक घसरण काढली. मामाजी चिडले. “त्यायची हार कायची? हारले ते लोक.” हे म्हणाले, “बाबा, जे घडलं ते पटावर पाहिजेच.” मुलगी म्हणाली की, त्याच निवडणुकीत १७ कोटींहून जास्त माणसांना मत मिळाले. ना जमिनीची अट, ना शिक्षणाची. आजीच्या आईचे मत आणि गावच्या पाटलाचे मत एकाच किमतीचे. मग ही घसरण की शिडी?

शेवटी असे ठरले की, ५२ वर ना घसरण, ना शिडी. तिथे निवडणूक. सोंगटी आली की बाकीच्यांनी तांब्यात गुपचूप एक दाणा टाकायचा. हरभरा टाकला तर चार घरे पुढे, तुरीची डाळ टाकली तर चार घरे मागे. ज्याची संख्या जास्त तो निकाल, सारखे पडले तर जागेवरच. पहिल्याच रविवारी मामाजी ५२ वर आले आणि तीन डाळी, एक हरभरा असे सपाटून पडले. नातवंडांनी संगनमत केले होते. म्हातारा खळखळून हसला, पण चार घरे मागे जाताना “लाच देल्ली असन कोणी,” असे पुटपुटलाच. लाच खरीच होती, मला नंतर कळले. दोन चॉकलेटे!

५६ च्या पुढे मात्र मामाजींनी शिडी लावू दिली नाही. मला त्याचे कारण कळेना. दीक्षेहून मोठी शिडी कोणती? मग त्यांनी सांगितले. त्यांनी १९७० च्या सुमारास केंद्राच्या एका खात्यात नोकरीसाठी अर्ज केला. धर्माच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. बाबूने सांगितले, राखीव जागा हवी असेल तर जुनी जात लिहा. राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळत होत्या, केंद्राच्या मिळत नव्हत्या. पुष्कळांनी पोटासाठी जुने लिहिले, त्यांना मामाजी कधी नावे ठेवत नाहीत. त्यांनी स्वतः लिहिले नाही आणि ती जागा गेली. पुढे हमालीत वर्षे काढून दुसरीकडे लागले. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना घेतले. “छप्पन ते नव्वद, ३४ घरं आमी पायीच चाललो,” ते म्हणाले. आमच्या पटावरही ती ३४ घरे पायीच चालावी लागतात. वाटेत ७५ ला आणीबाणी लागते, तिथे सगळ्यांनी दोन डाव तोंड बंद ठेवायचे. ७८ ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात पेटवलेल्या वस्त्यांची घसरण लागते. ९४ ला १४ जानेवारीचा नामविस्तार.

पट कसा करावा

खर्च म्हणाल तर काहीच नाही. दोन जुन्या कॅलेंडरांची कोरी बाजू मैद्याच्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवा. दोन इंचांची घरे आखा. खळीत चिमूटभर मोरचूद टाकले तर कसर लागत नाही, पण ते विषारी असते, लहान मुलांच्या हाती देऊ नका. सोंगट्या म्हणून शर्टाची वेगवेगळ्या रंगांची बटणे. फाशाऐवजी चार चिंचोके फोडून घ्या. जितके पांढरे वर पडतील तितकी घरे. सगळे काळे पडले तर डाव गेला.

नियम तीनच ठेवले. आपल्या चळवळीचे तीन शब्द प्रत्येक घरात माहीत आहेत, त्यांचेच नियम केले. पहिला, शिका : शिडी फुकट नाही, उत्तर आले तरच चढायची. दुसरा, संघटित व्हा : कोणी घसरला तर दुसरा कोणीही आपला एक डाव सोडून त्याला वर आणू शकतो. मोक्षपटात घसरलेल्याला कोणी हात देत नाही, आमच्याकडे देता येतो. तिसरा, संघर्ष करा : अडवणुकीच्या घरात आलात तर कुठे दाद मागायची ते सांगा, तरच पुढे. जातीचा दाखला अडला, तर कोणाकडे? उपविभागीय अधिकारी. पडताळणी? जिल्ह्याची जात पडताळणी समिती. रेशन दुकानाचा साठा पाहायचा, तर? माहितीच्या अधिकारात अर्ज, शुल्क १० रुपये, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. मुलाला शाळेने नाकारले, तर? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा, ६ ते १४ वर्षे. हे प्रश्न आम्हा मोठ्यांनाच येईनात. यांनी तर दोन रविवार अडवणुकीच्या एकाच घरात काढले.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : कार्डे नाहीत. उजवीकडच्याने डावीकडच्याला तोंडी प्रश्न विचारायचा. त्यामुळे आत्याबाई खेळात आल्या. त्यांनी ३० वर्षे बिड्या वळल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, “छाट म्हंजे काय?” कोणालाच आले नाही. ठेकेदार हजारातून नापास म्हणून ज्या बिड्या बाजूला काढायचा, त्याची मजुरी द्यायचा नाही आणि विकायचा मात्र, ती छाट. ६६ व्या घरात बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा आम्ही त्यानंतर लिहिला. आत्याबाईंना अशा प्रश्नांचा काही तोटा नाही.

आत्याबाईंचे घर

पहिल्या महिन्यात ५० व्या घरातून, कलम १७ ची, थेट ६० पर्यंत शिडी होती. अस्पृश्यता नष्ट झाली, म्हणून. एका रात्री आत्याबाईंची सोंगटी तिथे आली. उत्तर त्यांना मुखपाठ होते. पण त्यांनी सोंगटी उचलली नाही.

“हे शिडी खोटी हाय,” त्या म्हणाल्या.

भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावी विहीर होती. त्या सात-आठ वर्षांच्या असताना वडिलांचे बोट धरून दीक्षाभूमीवर आल्या होत्या. पांढरे लुगडे नेसलेली आई आठवते, गर्दी आठवते. परत गेल्यावर देव्हारा काढला, सगळे झाले. पण पाण्याला विहिरीच्या पायरीखालीच उभे राहायचे. वरून कोणी ओतले तर घ्यायचे. कधी दोन-दोन तास. देशात कलम १७ लागू होते, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदाही होता, आणि माझी सासू घागर घेऊन उन्हात उभी होती. मग एक दिवस वस्तीतल्या पोरांनी स्वतःच विहिरीत दोर टाकला. गावाने कामावर बोलावणे बंद केले, दळण बंद केले. महिनाभर ज्वारी भरडून खाल्ली. पण दोर काढला नाही.

“कोणत्या साली, आजी?” मुलीने विचारले.

“साल मले काय मालूम? माह्या लग्नाच्या दोन सालं अगोदर.”

मुलीने बोटांवर हिशेब मांडला. मोठ्या आत्याचा जन्म १९७० चा, तो लग्नानंतर तीन वर्षांनी. म्हणजे लग्न १९६७. विहीर १९६५. तिने पेन्सिल घेतली, ५० ची शिडी खोडली आणि ६५ व्या घरात लिहिले, “आजीच्या गावची विहीर.” आता ५० वरून निघणारी शिडी आमच्या पटावर नाही. तिथून १५ घरे चिंचोके टाकत जायचे.

नंतर चाळीतल्या आणखी तीन घरांनी पट उतरवून नेला. त्यांच्याकडे ५६ आहे, २७ आहे, पण ६५ मध्ये दुसरेच काही आहे. एका घरी तिथे गिरणीतला संप आला आहे, एका घरी आजोबांना मिळालेला जमिनीचा तुकडा. आमच्या पटाचा पुठ्ठा पावसाळ्यात कोपऱ्यातून सुटला, तो परवाच पुन्हा चिकटवला. चिकटवताना आत्याबाई जवळ बसल्या होत्या. ६५ व्या घरातली अक्षरे पुसट झालीत म्हणून त्यांनी मुलीला पेन मागितला आणि “कसं लिवतेत ते दाखव,” म्हणाल्या. ‘विहीर’ मधला ‘ह’ अजून नीट जमत नाही.